लाजेचा रकाना

हनीफमामू बसलेले मला आठवत नाहीत. खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे. चहा दिला तर कप घेऊन दारापर्यंत जायचे, गल्लीत डोकावायचे, परत यायचे, आणि बशी कुठे ठेवली ते विसरायचे. त्यांच्याशी बोलायचं तर मान सारखी डावीकडे-उजवीकडे वळवावी लागे. रुकैयामामी, त्यांची बायको, म्हणायची, "निकाह झाल्यापासून माझा मानेचा व्यायाम चालू हाय."

भिवंडीत त्यांचं घर आमच्या घरासमोर. मध्ये दहा पावलांची गल्ली आणि गल्लीच्या टोकाला त्यांचा कारखाना, म्हणजे पत्र्याच्या छपराखाली बारा लूम. माझे वडील तिथे वीस वर्षं कापड विणत होते, त्यामुळे मामूंच्या घरात मी शाळेच्या दप्तरासकट वाढले. आता मी राहनाळच्या एका गोदामात डिस्पॅच बघते: कोणता माल, कोणत्या गाडीत, किती वाजता. या कामाची सवय घरीही येते. माझ्या फ्रिजवर, कपाटाच्या दाराला आतून, पर्समध्ये, सगळीकडे याद्या असतात. मामू मला आधी सुनंदा म्हणायचे, मग सुनू, आणि शेवटची सहा वर्षं फक्त लिस्टवाली.

ती सहा वर्षं त्यांना दुसऱ्या कुणाच्या तरी हृदयाने दिली.

पण आधी हात. मामूंची गल्लीत ओळख होती ती हातांमुळे. तुटलेल्या तारेची, म्हणजे सुताच्या धाग्याची, गाठ ते एका हाताने मारत, तीही दुसरीकडे बघत, दुसऱ्याशी बोलत. लहानपणी आम्ही मुलं त्यांच्या हाताकडे टक लावून बघायचो आणि गाठ नेमकी कधी पडली हे कधीच दिसायचं नाही. शर्टाच्या वरच्या बटणाला कायम सुताचा एक तुकडा गुंडाळलेला असे. बोलताना बोटं तो सोडायची, गाठ मारायची, उकलायची, परत गुंडाळायची. लूम बिघडली की ते हत्यारं आणायला जात नसत. चालत्या लूमच्या लोखंडावर तळहात ठेवून डोळे मिटायचे आणि सांगायचे, "पट्टा ढिला हाय," नाहीतर, "हिचा दात गेला." नव्या कारीगराला त्यांचा एकच धडा असे. "बंद पडलेल्या लूमला घाबरू नको. ती खरं बोलते. चालणारीवर नजर ठेव. ती खराब कपडा विणत जाते आणि आवाज तर रोजचाच येतो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की ऐकू येईनासं झालं होतं.

पन्नाशीत त्यांचं हृदय फुगत गेलं आणि जोर कमी होत गेला. गल्लीच्या टोकापर्यंत जाताना ते तीनदा थांबू लागले, पण बसले नाहीत. थांबायचे तेव्हा भिंतीला हात लावून उभे. मुंबईच्या एका हॉस्पिटलात नाव लागलं आणि आठ महिन्यांनी, एका दुपारी दोन वाजता फोन आला: हृदय मिळण्याची शक्यता आहे, लवकरात लवकर पोचा. मुलगा कुवेतला. मामीने मला फोन केला. मी गोदामातून आमच्या पाच ड्रायव्हरांना लागोपाठ फोन लावले. मानकोलीला कंटेनर आडवा झाला होता. कशेळीचा रस्ता चालू होता. गाडी तिकडून काढली. काल्हेरला पाच मिनिटं गाडी अडकली तर श्वास पुरत नसलेला हा माणूस दार उघडून उतरायला लागला. "उतरून काय करणार?" मी फोनवर ओरडले. "रस्ता मोकळा करतो ना," मामू म्हणाले. मामीने त्यांचा सदरा मुठीत धरला तो थेट हॉस्पिटलच्या दारात सोडला.

परत आले ते वीस किलोंनी हलके आणि दुप्पट अस्वस्थ होऊन. औषधांत स्टेरॉइड होतं, त्याने झोप उडाली होती. सकाळी सहाला मी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावं तर मामू तोंडाला मास्क लावून गल्लीत येरझाऱ्या घालत असायचे. नव्या हृदयाबद्दल ते भाडेकरूबद्दल बोलावं तसं बोलत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की रक्ताच्या नळ्या जोडता येतात, नसा जोडता येत नाहीत, त्यामुळे हे हृदय मेंदूचं लगेच ऐकणार नाही. मामूंनी ते आपल्या भाषेत बसवून घेतलं. "मोटार बदलली, वायरिंग न्हाय बदललं. मी घाबरलो तर ह्याला खबर चालत चालत पोचते."

एकदा कारखान्यात सहा नंबरच्या लूममधून धोटा उडाला आणि मामूंच्या कानाजवळून भिंतीवर आदळला. आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा, लाकडाचा, टोकाला लोखंड लावलेला धोटा. सगळे कारीगर जागच्या जागी थिजले. मामूंनी शांतपणे लूम बंद केली, धोटा उचलला, टोक तपासलं, पट्टा नीट केला. रामअवध म्हणून त्यांचा जुना कारीगर आहे, तो म्हणाला, "चाचा, डर नहीं लगा?" मामू पुढच्या लूमकडे वळले. चार-पाच मिनिटांनी दारात येऊन त्यांनी चौकट धरली, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ये लो. अब पहुँची खबर."

त्यांच्या औषधांची यादी माझ्याकडे आली, कारण मामीला इंग्रजी नावं वाचता येत नसत आणि मामूंना वाचत उभं राहायला वेळ नसे. मी मोठ्या कागदावर चार रकाने आखले: वेळ, औषध, कशासाठी, घेतलं. सगळ्यात वर टॅक्रोलिमसची कॅप्सूल. शरीराने परकं हृदय नाकारू नये म्हणून ती होती. सकाळी नऊ, रात्री नऊ, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. ट्रान्सप्लांट विभागाच्या सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की ही कॅप्सूल रक्तात कमी पडली तर हृदय जाईल आणि जास्त झाली तर मूत्रपिंड आणि मेंदू. म्हणून खाली लाल शाईत दुसरी यादी: पपनस नाही. दुखण्यावरच्या गोळ्या नाहीत. जडीबुटी नाही. दुसऱ्याने दिलेलं कोणतंही औषध नाही. नवीन काही लागलं तर आधी सिस्टरांना फोन.

पपनसाचं त्यांना फार वाईट वाटलं. अकलोलीला त्यांच्या बहिणीच्या दारात पपनसाचं झाड आहे. दरवर्षी पोतं भरून यायचं. त्या वर्षीही आलं. मामूंनी एक फळ सोललं, फोडी माझ्यासमोर ठेवल्या आणि सालं नाकाला लावून उभे राहिले. "तू खा. सावकाश खा. मला बघू दे."

"मामू, अशाने माझ्या घशाखाली उतरत नाही."

"उतरव. माझ्या वाटचं तूच खायचंस. लिस्टमध्ये लिही तसं."

सकाळी सव्वानऊला माझी रिक्षा कारखान्यासमोरून जायची तेव्हा ते दारात उभे राहून दोन बोटं वर करत. नऊची कॅप्सूल घेतली. मी मान हलवायची. दोन वर्षं एकही दिवस चुकला नाही, आणि खरं सांगायचं तर त्या यादीचा मला अभिमान वाटू लागला होता.

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फार उकाडा होता. मामूंचा स्वभाव बदलला आहे हे आधी मामीच्या लक्षात आलं. ते चिडू लागले. डोकं दुखतं म्हणू लागले. येरझाऱ्या आता गल्लीत मावत नव्हत्या, पार नाक्यापर्यंत जाऊन यायचे आणि कशाला गेलो होतो ते विसरायचे. मग एका रविवारी मी त्यांच्यासमोर उभी होते, त्यांची बोटं नेहमीप्रमाणे बटणावरच्या सुताशी खेळत होती, आणि मला गाठ दिसली. आयुष्यात पहिल्यांदा गाठ पडताना दिसली, कारण ती पडत नव्हती. बोटं थरथरत होती. तार निसटत होती. मी बघते आहे हे लक्षात येताच त्यांनी हात खिशात घातला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"सूत खराब येतं हल्ली."

मी सिस्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या की या कॅप्सूलने थोडं कापरं होतं, पण वाढत असेल तर रक्तातली पातळी लगेच तपासून घ्या. मी यादी बघितली. पातळीची तपासणी नऊ दिवसांनी, मंगळवारी होतीच. मामू म्हणाले, "मंगळवारी जायचंच हाय ना? मग मंगळवारी." आणि मी मंगळवार धरून बसले. यादीत होता म्हणून.

शनिवार आधी आला. सकाळी अकराच्या सुमाराला, मी सुट्टी म्हणून घरीच होते, कारखान्यातून रामअवध धावत आला. मी गेले तर बाराही लूम चालू होत्या, कानठळ्या बसवणारा तो रोजचा आवाज, पत्र्यातून ऊन आत येत होतं, आणि मधल्या वाटेत मामू दोन्ही हात पुढे करून उभे होते. वीज गेली की सगळा कारखाना एकदम मुका होतो, हे आमच्या गल्लीतल्या लहान पोरालाही माहीत आहे. मामू त्या गडगडाटात उभं राहून विचारत होते, "लाईट गेली काय?"

त्यांनी परत विचारलं, "अरे, लाईट गेली काय?" मग त्यांनी हात बाजूला नेला, लूमच्या लोखंडावर टेकवला, ती चालते आहे हे त्यांच्या तळहाताला कळलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. पुढच्या क्षणी ते खाली कोसळले आणि हातपाय झटकू लागले.

जवळच्या नर्सिंग होममध्ये झटका थांबवायचं इंजेक्शन दिलं. तिथले डॉक्टर पुढचं औषध लिहीत होते तेव्हा मी यादी त्यांच्यासमोर धरली आणि सिस्टरांना फोन जोडून दिला. त्यांनी ऐकून औषध बदललं. फिटवरचं नेहमीचं औषध टॅक्रोलिमसला शरीरातून भराभर बाहेर काढतं, म्हणून ते नको होतं. मला वाटलं, यादीने काम केलं.

संध्याकाळी मुंबईच्या हॉस्पिटलात रिपोर्ट आले. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे नजरेचं काम चालतं, तिथे सूज होती. आणि टॅक्रोलिमसची पातळी हवी त्याच्या तिपटीहून जास्त. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मला आणि मामीला बाजूला घेतलं.

"कॅप्सूल जास्त घेतली गेली का?"

"नाही," मी म्हणाले. "स्ट्रिपा मोजलेल्या आहेत."

"दुसरं काही औषध? कुणी दिलेलं, दुकानातून घेतलेलं?"

"यादीबाहेर एकही गोळी त्यांच्या पोटात गेलेली नाही," मी म्हणाले. अगदी ठामपणे म्हणाले.

बाईंनी माझ्या यादीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मग मला कारण सापडत नाही, आणि तीच अडचण आहे. कारण कळलं तर ते काढायचं, डोस उतरवायचा, सूज बहुतेक उतरते, नजर येते. कळलंच नाही तर हे औषधच बदलावं लागेल. बदललं तर हृदयाला धोका. न बदलावं तर डोळ्यांना, पुन्हा झटक्याला. उद्या दुपारपर्यंत मला ठरवायचं आहे."

मामू शुद्धीवर होते. डोळे उघडे, बघत कुठेच नव्हते. मी विचारलं, "मामू, काही घेतलंत का? खरं सांगा." त्यांनी मान भिंतीकडे फिरवली. "न्हाय." बोटं चादरीच्या दशीशी झटत होती, गाठ शोधत.

मी बसमध्ये बसून नवी यादी केली. घर, मामीचं कपाट, नाक्यावरचं मेडिकल, बहीण. आणि पाचवं नाव लिहिताना ते वाक्य अचानक ऐकू आलं: चालणारीवर नजर ठेव. दोन वर्षं मी चालत्या लूमचा आवाज ऐकत आले होते, वर केलेली दोन बोटं. दिवसाचे दहा तास मामू घरी नसत, कारखान्यात असत. पाचवं नाव, कारखाना, पहिलं केलं.

रविवारी सकाळी आठला, शिफ्ट बदलताना, मी कारखान्यात गेले. दोन्ही शिफ्टचे कारीगर उभे. मी हिंदीत विचारलं, चाचांनी इथे कसली गोळी खाल्ली का? सगळे जमिनीकडे बघू लागले. माहीत नसलेली माणसं अशी बघत नाहीत.

"रामअवध?"

"दीदी, आप... लेडीज हैं."

"रामअवध, मैं अभी लेडीज नहीं हूँ. मैं लिस्ट हूँ. बोलो."

मागे कोणीतरी हसलं आणि त्या हसण्याने तोंडं उघडली. रामअवधने विजेच्या बोर्डावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत गोळ्यांच्या पट्ट्या. उकाड्यात, घामात, सुताच्या धुरळ्यात बारा-बारा तास उभं राहून सगळ्यांच्या जांघेत नायटा झाला होता. एकाचा बरा झाला की दुसऱ्याकडून परत लागायचा. म्हणून सगळ्यांनी ठरवलं की कोर्स एकदम, एकाच दिवशी सुरू करायचा. एक डबा, सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल, कोणी चुकवायची नाही. मामूंनाही झाला होता.

"चाचा बोले, सब लोग खाएगा तो हम भी खाएगा. हम अकेले नहीं खाया तो फिर सबको होगा."

"मला का नाही सांगितलं?"

रामअवध डब्याचं झाकण लावत-काढत राहिला. "बोले, सुनंदा बेटी है. बेटी को ये जगह का कैसे बोलूँ."

मी पट्टीचा फोटो डॉक्टरीणबाईंना पाठवला. इट्राकोनाझोल. दोन मिनिटांत त्यांचा फोन आला आणि त्या जवळजवळ ओरडल्याच, "मिळालं!" त्यांनी समजावलं ते मी माझ्या गोदामाच्या हिशेबाने समजून घेतलं. यकृतात टॅक्रोलिमस मोडून बाहेर जायचा एक दरवाजा असतो. ही कॅप्सूल तो अडवून उभी राहते. आवक तशीच, जावक बंद. माल आत साचत जातो. मामूंनी एकही कॅप्सूल जास्त घेतली नव्हती. माझी यादी शब्दशः खरी होती आणि म्हणूनच काही उपयोगाची नव्हती.

औषध बदलावं लागलं नाही. टॅक्रोलिमस थांबवून, मोजून, हळूहळू परत सुरू केलं. तिसऱ्या दिवशी मामूंना उजेड कळला, पाचव्या दिवशी मामीच्या ओढणीचा रंग. आठव्या दिवशी मी गेले तर ते पलंगाला धरून उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते.

"जाडी झालीस गो."

"पपनस खाऊन," मी म्हणाले.

त्यांना काहीतरी बोलायचं होतं. पलंगाच्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले. शेवटी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आणखी एक रकाना आख. त्याच्यावर लिही, लाज. जे सांगायला लाज वाटते ते त्यात."

"आणि मला सांगणार कोण?"

"मी. अन् मला न्हाय जमलं तर रामअवध. त्याला लाज न्हाय."

मी आखला. पहिले काही महिने तो रिकामाच राहिला. मग एक दिवस चिठ्ठी आली, रामअवधच्या हातून, घडी घातलेली: मूळव्याध, मलम विचार. मग फोनवर, कुजबुजत. मग समोरासमोर, पण पाठ फिरवून. मला ते सगळे टप्पे आठवतात, कारण प्रत्येक नोंदीसमोर मी तारीख टाकलेली आहे. बोर्डावरचा डबा मामूंनी काढला नाही. त्याच्यावर चुन्याने मोठं लिहिलं: पहले पूछो. वडप्यापर्यंतच्या गोदामांत, कारखान्यांत जिथे ओळख होती तिथे ते येरझाऱ्या घालत गेले आणि माणसांना, चक्क बायकांदेखत, कुठे खाज येते आणि त्यावर काय खाता असं विचारत सुटले. मामी म्हणायची, "आधी ह्यांचे डोळे गेले होते. आता शरम गेली."

कापरं पुरतं गेलं नाही. गाठ एका हाताने पुन्हा कधी जमली नाही. दोन हातांनी, नजर ठेवून, तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नाला जमायची. ते कोणाला करू देत नसत आणि कारीगर लूम थांबवून, काही न बोलता, वाट बघत.

चार वर्षांनी, ट्रान्सप्लांटच्या सहाव्या वर्षी, त्यांना ताप येऊ लागला. तपासणीला बोलावलं. सकाळची वेळ होती, मी रिक्षासाठी बाहेर पडत होते. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी, मामी आत बसलेली. मामू पुढच्या सीटवर बसले. मी घड्याळ बघितलं, नऊ वाजून गेले होते. मी लांबूनच हात वर करून विचारलं. त्यांनी काच खाली करून दोन बोटं बाहेर काढली. बोटं थरथरत होती. गाडी सुरू झाली, थोडी पुढे गेली आणि एकदम थांबली. दार उघडलं. मामू एक पाय जमिनीवर टाकून अर्धे बाहेर आले. कारखान्यात लूम चालू होत्या, त्यामुळे त्यांना ओरडावं लागलं. दुधवाला, समोरच्या खिडकीतल्या दोन बायका, पाणी भरणारी मंडळी, सगळ्यांनी ऐकलं.

"लिस्टवाली! कालपासून जुलाब होतायत! तीनदा! लिही!"

जुलाबानेही टॅक्रोलिमसची पातळी चढते, हे त्यांना आता माझ्याइतकंच माहीत होतं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मामूंनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. मी पर्समधून कागद काढला, भिंतीवर धरला, आणि लिहून होईपर्यंत ते तसेच, एक पाय बाहेर टाकून थांबले. मी पेन वर करून दाखवलं. मग ते आत बसले आणि दार लावलं.

त्या तापातून ते परत आले नाहीत. यादी माझ्याकडे आहे. लाजेच्या रकान्यातली ती शेवटची ओळ, अक्षर भिंतीमुळे वेडंवाकडं आलेलं. शेजारी वेळ टाकली आहे: नऊ वाजून दहा मिनिटं.